पितळी पट्टीच्या डावीकडे

आमच्या कापडाच्या दुकानाच्या जमिनीत एक पितळी पट्टी आहे. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ गेलेली, बोटभर रुंद. दादा आणि मी लहानपणी इतके भांडायचो की नवी फरशी बसवताना वडिलांनी ती मधोमध घालून घेतली आणि आम्हां दोघांना तिच्यापाशी उभं करून सांगितलं, "उजवीकडचं थोरल्याचं, डावीकडचं धाकट्याचं. आता पुरे." पुढे कागदपत्रंही तशीच झाली. पण दुकान आम्ही कधी वाटून घेतलं नाही. धंदा दादानेच पाहिला आणि मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत आयुष्य काढलं. पट्टी राहिली ती विनोदापुरती. डाव्या बाजूचं एखादं ठाण घसरून पडलं की दादा गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "ती हद्द माझी नाही."

निवृत्त झाल्यापासून मी रोज पुस्तक घेऊन दुकानात जाऊन बसतो. बसतो म्हणजे बसायचो. डावीकडच्या शोकेसच्या मागे, तिची लाकडी पाठ आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची मावेल एवढी जागा होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला शोकेसमधले कपडे घातलेले पुतळे दिसत, मी दिसत नसे. मला मात्र पुतळ्यांच्या पायांमधून सगळा बाजार दिसे. ओळखीचं माणूस समोर येऊन बोलू लागलं की माझी जीभ टाळूला चिकटते, त्यामुळे ही जागा मला फार सोयीची होती. दादा तिला वाचनालय म्हणायचा. हळूहळू तो मलाच वाचनालय म्हणू लागला.

आमची इमारत बाजारपेठेच्या कोपऱ्यावर आहे. दुमजली, खाली ओळीने दुकानं, वर कचेऱ्या. पेठेचा रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांसाठी सपाट करायचं नगरपालिकेने ठरवलं, तेव्हा त्यांचं पहिलं घोडं आमच्या इमारतीपाशी अडलं. अडलं ते पायऱ्यांवर.

या पायऱ्यांबद्दल सांगायला हवं. इमारत बांधली तेव्हा सगळ्या दुकानांना एकेकच पायरी होती. मग शेजारच्या भांडीवाल्यांनी दुकान नवं करताना जमीन जराशी उंच करून घेतली. वडिलांना ते बोचलं. शेजाऱ्याच्या दुकानातून आपल्या दुकानात खाली उतरून यायचं म्हणजे काय? पुढच्या दुरुस्तीत त्यांनी आमची जमीन भांडीवाल्यांपेक्षा वर नेली. मग चपलांच्या दुकानाने, मग घड्याळवाल्याने. ज्याचं दुकान उंच त्याचा धंदा मोठा, असं कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण दुरुस्तीला गवंडी आला की प्रत्येक मालक आधी शेजाऱ्याची पायरी मोजायचा. शेवटी सगळ्या इमारतीपुढे पायऱ्याच पायऱ्या झाल्या. एकीची उंची दुसरीला मिळत नव्हती आणि सगळ्या फुटपाथवर पसरल्या होत्या. सर्वांत उंच आमच्या. चालणारी माणसं त्या चुकवायला रस्त्यात उतरायची आणि हॉर्न ऐकत पुढे जायची.

आराखडा करायचं काम आलं ते दादाच्या मुलीकडे. ती इमारतींचे आराखडे करते. स्वतःच्या नावावर मिळालेलं हे तिचं पहिलं मोठं काम. पोरवयापासून तिला वस्तू मोजत सुटायची सवय, म्हणून बाजारात तिचं नाव मोजपट्टी. नगरपालिकेची अट सरळ होती. रस्त्याचं काम आमच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत सगळ्या मालकांची संमती मिळाली तर ठीक, नाहीतर आमची बाजू आहे तशी सोडून काम पुढे जाणार. आराखडाही मग कपाटात जाणार.

तिने वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या कचेरीत सगळ्यांना बोलावलं आणि पुठ्ठ्याची छोटी इमारत टेबलावर ठेवली. वरचा मजला होता तिथेच होता. खालची दुकानं मात्र, दोनतीन माणसं शेजारी-शेजारी चालतील इतकी, आत सरकली होती. त्यामुळे वरच्या मजल्याच्या सावलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग वाट झाली होती. पायऱ्या नव्हत्या. जो काही चढ होता तो प्रत्येक दुकानाच्या आत, भिंतीलगत.

"आणि इमारत डोक्यावर आली म्हणजे?" भांडीवाले म्हणाले.

"इमारत खांबांवर उभी आहे, काका. तुमच्या शटरने धरून ठेवलेली नाही."

"माझं शटर स्वतःलाच धरून राहत नाही," घड्याळवाले म्हणाले. "परवा निम्म्यात अडकलं. मी आत, चहा बाहेर."

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने पुठ्ठ्याच्या इमारतीत बोट घालून आमच्या दुकानाची खोली अजमावली.

"आत घ्यायचं म्हणजे दुकान कमी करायचं. सरळ बोल."

"हो बाबा. कमी करायचं."

"त्या बदल्यात?"

"लोक."

"आत्ता काय माश्या चालतात रस्त्यावर?"

"लोक आहेत. पण ते तुमच्या पायऱ्या चुकवत गाड्यांमधून चालतात. गाडीकडे बघत चालणारा माणूस शोकेसकडे बघत नाही."

दादाने बोट बाहेर काढलं. "पुठ्ठ्यात सगळंच गोड दिसतं. माझ्या दुकानात करून दाखव. एक आठवडा. मग ही भातुकली बंद."

"आणि जमलं तर सही?"

"जमलं तर."

बाकीच्यांनी आपापल्या छत्र्या, पिशव्या उचलल्या. आमच्या दादाची सही झाली की त्यांची, हे न बोलता ठरलं होतं. सर्वांत उंच पायऱ्या ज्याच्या, त्यानेच आधी उतरायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी सुताराला घेऊन आली. तिने शोकेसच्या फळ्या काढल्या, काचा भिंतीला टेकवल्या, दादाचं टेबल मागे ओढलं. नवी भिंत जिथे येणार तिथे आडवी दोरी ताणून ठाणातलं पांढरं मांजरपाट खालपर्यंत सोडलं. कापडाच्या पुढे मोकळी जागा, मागे दुकान. माझं वाचनालय त्या मोकळ्या जागेत गेलं. माझी खुर्ची मागे ठाणांच्या रांगेत ठेवली गेली, तिथल्या अंधारात मला पानाचे कोपरे दिसायचे, अक्षरं नाही.

आठवडाभर त्या मोकळ्या जागेत कुणीही आलं नाही.

कुणीही म्हणजे एक कुत्रा आला. ऊन वाढलं की तो पायऱ्या चढून यायचा आणि मांजरपाटाला पाठ लावून झोपायचा. दादा कापडाच्या फटीतून त्याच्याकडे बघायचा. "एक गिऱ्हाईक मिळालं म्हणायचं. माल घेत नाही, पण येतं नेमाने." भांडीवाले येता-जाता विचारायचे, "काय, नाटकाचा पडदा कधी उघडणार?" मोजपट्टी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत असायची. लोक आधीसारखेच पायऱ्या चुकवून रस्त्यात उतरत होते.

शेवटच्या दिवशी दुपारी ती आत येऊन माझ्यासमोर ठाणांवर बसली.

"काका, मी मूर्ख आहे."

 अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात हे मी पुस्तकांत वाचलेलं आहे.

"भिंत हलवली आणि जमीन तशीच ठेवली," ती म्हणाली. "वाट म्हणून पायऱ्या चढून कोण वर येईल? वर चढलं की पुढे भांडीवाल्यांकडे पुन्हा खाली उतरायचं. अर्धीच गोष्ट करून दाखवली मी. जमीन खाली उतरवायलाच हवी होती."

"दादाला सांग."

"सांगितलं. म्हणाले, ठरलेला आठवडा झाला. तुझ्या आजोबांनी वर नेलेली जमीन मी तुझ्या खेळासाठी खाली आणणार नाही." ती उठली. "रस्त्याचं काम दवाखान्यापर्यंत आलंय."

दवाखाना म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ती गेली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: उद्या शोकेस परत लागेल, माझी जागा मला परत मिळेल. त्या विचाराने मला बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच सलायला लागलं. मी घरी जाऊन पुस्तक उघडलं, ओळीवरून डोळे फिरवले, पुस्तक मिटलं. एखाद्या वाक्यात चूक आहे हे दिसत असताना ते तसंच छापायला सोडल्यासारखं मला वाटत होतं. पण मुद्रितात चूक दिसली की समासात खूण केली तरी भागतं, कुणाच्या तोंडावर काही बोलावं लागत नाही.

सकाळी मी दुकानात पोचलो तेव्हा सुतार डावीकडच्या शोकेसची पहिली फळी ठोकत होता. दादा त्याला तिरकी लागते म्हणून ओरडत होता.

"दादा," मी म्हणालो, "डावीकडची शोकेस लावू नकोस."

"का? वाळवी लागलीय?"

"डावीकडचं माझं आहे."

माझा आवाज मलाच परका वाटला. सुताराने हातोडी खाली घेतली. दादाने आधी माझ्याकडे, मग जमिनीतल्या पट्टीकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. माझा चेहरा बघून थांबला.

"अरे, काय बोलतोयस तू?"

"पट्टीच्या डावीकडची पुढची फरशी काढायची. खालची भर उपसून जमीन फुटपाथच्या पातळीला आणायची. पायऱ्याही माझ्या बाजूच्या काढायच्या. तुझं तुझ्याकडे राहू दे. त्याला मी हात लावणार नाही."

"अर्ध्या पायऱ्या? लोक हसतील. अर्धी मिशी काढल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

"पोरीने शिकवलं तुला हे?"

"तिला अजून माहीत नाही."

दादा खुर्चीवर बसला. "आणि वाचनालय? तेही जाणार त्यात. बसणार कुठे तू?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हणालो. खरोखरच ठरलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मोजपट्टीला निरोप गेला तशी ती धावत आली.  तिने वाकून पट्टीवर हात फिरवला आणि गवंड्याला म्हणाली, "इथून कापायचं. पट्टीला धक्का नको, आणि पट्टीच्या उजवीकडे एक कपचीही उडता कामा नये." फरशीखाली विटांचे तुकडे, माती, जुन्या फरश्या निघाल्या. सगळी आमच्या घराण्याची उंची घमेल्यांत भरून बाहेर गेली. काम चाललं होतं तितके दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. वहिनी दोघांचा एकच डबा पाठवायची. तो आपल्या वाटणीचं खाऊन डबा पट्टीवरून माझ्याकडे सरकवायचा आणि तोंड फिरवायचा.

काम झाल्यावर दुकान खरंच विचित्र दिसू लागलं. उजवीकडे दादाचं जसंच्या तसं: पायऱ्या, शोकेस, तिच्यामागे त्याचं टेबल. डावीकडे दुकानाची भिंत आत गेलेली, पुढे फुटपाथला मिळालेली सपाट, सावलीची जागा, आणि आत भिंतीलगत वर चढत जाणारा लांब उतार. दोन्हींच्या मध्ये, पट्टीच्या रेषेत, दादाच्या जमिनीची उघडी कड गुडघाभर उंच उभी होती. तिच्या काठावर पितळी पट्टी चमकत होती. त्या बाजूला मोजपट्टीने घडीची जाळी लावली, रात्री ओढायची, दिवसा उघडी.

घड्याळवाल्यांची जमीन डावीकडे आमच्याखालोखाल उंच, त्यामुळे माझी वाट दोन्ही बाजूंनी बंदच होती. वाट कसली, रस्त्याला पडलेला एक खिसा. तरी पहिल्याच सकाळी एक बाई मुलाची ढकलगाडी घेऊन उन्हातून सरळ आत आली. मग हातात सामान असलेलं एक जोडपं. मग नुसतेच लोक. दोन पावलं सावलीत यायचे, कपाळ पुसायचे. आणि समोर दादाच्या जमिनीची कड दिसली की तिच्यावर बसायचे.

हे मोजपट्टीने योजलेलं नव्हतं. मी तर नाहीच.

दादाच्या टेबलापासून ती कड हातभर लांब. त्याच्या नाकासमोर लोक त्याच्या दुकानावर बूड टेकत होते. पहिले काही तास तो घुम्यासारखा बसला. मग एक जाडजूड बाई पिशव्यांसकट बसल्या, तसा त्याचा संयम सुटला.

"अहो बाई, हे दुकान आहे. बाक नाही."

बाईंनी मान वळवली. "दुकान आहे? मग मघापासून काही दाखवत का नाही तुम्ही?"

दादाने मागे वळून आपल्याच ठाणांकडे पाहिलं.

"ते निळं काय आहे, तुमच्या डोक्यावरचं?" बाई म्हणाल्या. "काढा बघू. उठवत नाही मला, पाय भरून आलेत. इथेच पसरा."

दादाने निळं ठाण काढलं आणि टेबलावरून सरळ त्यांच्या मांडीवर पसरलं. शेजारी बसलेल्या माणसाने त्याची कड चिमटीत धरून पाहिली. पायऱ्या चढून गिऱ्हाईक वर येतं, समोर उभं राहतं, घाईत असतं. हे गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याला कुठेही जायचं नव्हतं. दादाला कळायला एवढं पुष्कळ झालं. संध्याकाळपर्यंत त्याने टेबल आणखी कडेला ओढून घेतलं. बाक नाही हे तो पुन्हा कुणाला म्हणाला नाही.

त्याच आठवड्यात मोजपट्टी आली. रस्त्याचं काम आमच्या चौकात पोचलं होतं, फरश्यांच्या गाड्या उभ्या होत्या. तिने संमतीचा कागद टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. बापाचाच हट्ट तिच्यात होता.

"सही करतो," दादा म्हणाला. "एक अट आहे."

"सांगा."

"ही कड राहिली पाहिजे."

"बाबा, वाट सलग हवी. मध्ये अशी आडवी..."

"आडवी नको. मला कळतं तेवढं. नव्या भिंतीलगत घे, वाटेच्या दिशेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काचेच्या खाली. लोक बसतील, आणि पाठीमागे माझा माल असेल. तुझ्या त्या पुठ्ठ्यात बसायला कुठे जागाच नाही. नुसते चालतच राहायचे का लोक? पाय आहेत त्यांना."

मोजपट्टीने मान खाली घालून आराखडा उलगडला. तिची वाटेची रेघ स्वच्छ होती, एका ओढीत काढलेली. तिला ती फार आवडत होती, हे मला माहीत होतं. तिने पेन्सिल काढून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या रेघेला लागून दुसरी रेघ ओढली.

"वाट जरा अरुंद होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. माझं दुकानही होतंय."

त्याने सही केली. मग कागद पट्टीपलीकडे माझ्याकडे सरकवला, डबा सरकवायचा तसा. "डावीकडचे मालक, करा."

मी सही केली. एकेक अक्षर वाचता येईल अशी.

तासाभरात भांडीवाले हजर झाले. "मीही करतो सही. पण माझ्यापुढची कड बोटभर उंच हवी."

"सगळ्यांची एकच उंची," मोजपट्टी म्हणाली.

"नुसतं बोटभर."

"काका, एकच."

"लिहून घे त्याच्याकडून," दादा आतून ओरडला. "गवंड्याला परस्पर गाठेल तो!"

आता आमच्या इमारतीपुढे पायऱ्या नाहीत. वरच्या मजल्याच्या सावलीत सलग वाट आहे, तिच्या आतल्या बाजूने बसायची कड आहे. आमच्या दुकानापुढच्या कडेच्या काठाला मोजपट्टीने ती पितळी पट्टी बसवून घेतली. आता ती दुकानाच्या रुंदीभर गेली आहे, कुणाची हद्द कुठली हे तिच्यावरून सांगता येत नाही. लोकांच्या कपड्यांनी घासून ती आता आधी कधी नव्हती इतकी चकचकीत झाली आहे.

माझं बसायचं ठरलं नव्हतं ते असं ठरलं की मीही तिथेच बसतो. समोर पुतळे नाहीत, मागे लाकडी पाठ नाही. येणारा-जाणारा मला पूर्ण दिसतो, आणि मी त्याला. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडून बसलो आणि एका बाईंनी दवाखाना कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. एकाने वेळ विचारली, मी शेजारच्या घड्याळवाल्यांकडे बोट दाखवलं. एक म्हातारे गृहस्थ येऊन टेकले आणि माझ्या पुस्तकात डोकावून म्हणाले, "बरं आहे का?"  उठून आत जावं असं वाटलं. पण आत आता कुठे जाणार? मी बसून राहिलो.

"सुरुवात संथ आहे," मी म्हणालो. "पुढे बघू."

काचेमागून दादाने टकटक केलं. "काय हो, वाचनालय उघडं आहे का?"

"उघडं आहे," मी म्हणालो, आणि गृहस्थांना बसता यावं म्हणून जरा सरकलो.